चौसष्ट किलो

घरात तिला सगळे धाकटी म्हणत. सत्तेचाळिसावं सरत आलं होतं, कानामागचे केस पिकले होते, लेक परगावी नोकरीला लागली होती, तरी ती आपली धाकटीच. लग्नानंतर आठवडाभरात सासूबाईंनी हे नाव ठेवलं होतं, कारण मोठ्या मुलाची बायको थोरली होती. आणि सासूबाईंच्या तोंडून एकदा निघालेलं बदलायची घरात कुणाची टाप नव्हती. पुढे थोरली नवऱ्याबरोबर दुसऱ्या गावी गेली आणि सासूबाई धाकटीकडे राहिल्या.

तीन वर्षांपूर्वी सासूबाईंची उजवी बाजू गेली. वाचाही गेली, फक्त एक शब्द मागे राहिला. "बरं." भूक लागली तरी बरं, राग आला तरी बरं, खिडकी लावायची असली तरी बरं. उभ्या आयुष्यात दुसऱ्याचं बोलणं पुरतं ऐकून न घेतलेल्या बाईच्या वाट्याला नेमका हा शब्द यावा, याचं सुरुवातीला धाकटीला हसू यायचं. पुढे पुढे तिला त्या एका शब्दातले पंधरावीस सूर ओळखू यायला लागले आणि हसायचं राहून गेलं.

सासूबाईंना उचलायचं काम धाकटीचं. त्यांचा चांगला हात आपल्या गळ्यात घ्यायचा, त्यांच्या गुडघ्याला आपला गुडघा लावायचा, "एक, दोन, तीन" म्हणायचं आणि कमरेतून जोर लावून उभं करायचं. पलंगावरून कमोडच्या खुर्चीत, तिथून पुन्हा पलंगावर. सकाळी कामावर जाण्याआधी चारदा, संध्याकाळी चारदा, आणि दुपारच्या सुटीत पळत घरी येऊन दोनदा. काम तीन गल्ल्या सोडून, चष्म्याच्या दुकानात. मागच्या खोलीत बसून ती काचांच्या कडा घासायची आणि त्या फ्रेममध्ये बसवायची.

दोन वर्षं अंगावरून जास्त जात होतं. तिने ते कुणाला सांगितलं नाही. गडद रंगाचे कपडे घालायला लागली, स्टुलावर काळी उशी आणून ठेवली, झालं. या वयात व्हायचंच, असं तिने स्वतःला इतक्या वेळा बजावलं होतं की ते तिला पटलंही होतं. एका दुपारी काच घासता घासता डोळ्यांपुढे अंधारी आली आणि शुद्धीवर आली तेव्हा ती फरशीवर होती. दुकानाच्या मालकीणबाईंनी तिला तशीच दवाखान्यात नेली. अंगात रक्त निम्म्याच्या आसपास उरलं होतं.

"गर्भाशय काढावं लागेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. धाकटीचा नवरा शेजारच्या खुर्चीत बसून होता. "तीन गाठी आहेत, त्यातली एक चांगली मुठीएवढी. पण पोट फाडायचं नाही. दुर्बिणीतून करू. चार बारीक छिद्रं, तिसऱ्या दिवशी घरी."

"मग कामाला कधी जाता येईल?"

"बसून करायचं असेल तर चार आठवड्यांनी. वजन मात्र सहा आठवडे उचलायचं नाही. पाण्याने भरलेली किटली, त्याहून जड काही नाही. घरी कोण असतं?"

"मी, हे आणि सासूबाई. सासूबाईंना मीच उचलते."

"उचलते म्हणजे?"

धाकटीला ते शब्दांत सांगता येईना. ती उठली, नवऱ्याचा हात आपल्या गळ्यात घातला, गुडघ्याला गुडघा लावला आणि त्याला खुर्चीतून उभं केलं. तो बिचारा कानापर्यंत लाल झाला.

डॉक्टरीणबाईंनी पेनाला टोपण लावलं. "वजन किती त्यांचं?"

"चौसष्ट."

"दिवसातून किती वेळा?"

"धरून चाला दहाएक."

"हे बघा, गाठी काही त्याने झालेल्या नाहीत. पण ऑपरेशननंतर हे अजिबात चालणार नाही. पोटावरचे टाके दिसतात म्हणून माणसं त्यांना जपतात. आतले दिसत नाहीत, म्हणून विसरतात."

"मी करीन आईचं," नवरा म्हणाला.

तो लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर होता. अंगात ताकद होती, आईवर जीवही होता. पण पहिल्याच दिवशी त्याने आईला कमोडच्या खुर्चीत बसवायला हात घातला, तेव्हा सासूबाईंनी पलंगाचा कठडा डाव्या मुठीत असा आवळला की त्यांची बोटं सोडवायला धाकटीला यावं लागलं. "बरं," त्या म्हणाल्या, आणि तो सूर कुणालाही कळला असता. पोराच्या हातून हे करून घेणार नाही. नवरा बाहेर जाऊन जिन्यात उभा राहिला.

थोरलीला फोन केला. थोरली म्हणाली, "अगं, मी एका पायावर तयार आहे. पण आमचं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. तुझ्या नवऱ्यालाच बसवायला सांग, मग नेते." आणि स्वतःच्याच विनोदावर हसून तिने फोन ठेवला.

शेवटी दिवसापुरती एक मदतनीस बाई मिळाली. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा; जाताना रात्रीपुरता डायपर बांधून जायची. बाई धडधाकट होती, बोलायला मायाळू होती. ऑपरेशनच्या आधीचे दोन आठवडे धाकटी तिच्या मागे मागे फिरत राहिली. उशी अशी, पाणी चमच्याने, चहा कोमट, उजवा हात कधी ओढायचा नाही. स्वतःची तयारी तशीच राहिली. रक्त वाढवायच्या सलाइनी तेवढ्या वेळच्या वेळी घेतल्या, कारण त्याशिवाय तारीखच मिळत नव्हती. आदल्या संध्याकाळी दवाखान्यातून दिलेल्या औषधी साबणाने अंघोळ केली, नखांचा रंग खरवडून काढला, बॅग भरली आणि सासूबाईंपाशी जाऊन बसली.

"तीन दिवसांत येते, आई. मग घरीच आहे. फक्त उचलायचं नाही मी तुम्हाला, एवढंच."

"बरं," सासूबाई म्हणाल्या. वीस सुरांतला हा कुठलाच नव्हता. धाकटीने तो बराच वेळ मनात घोळवला, पण तिला अर्थ लागला नाही.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. जाग आली तेव्हा पोटापेक्षा उजवा खांदाच जास्त ठणकत होता. तिला वाटलं, झोपेत कुणीतरी पाडलं की काय. सिस्टर म्हणाली, "पोटात गॅस भरतात ना, त्याची कळ खांद्यात येते. दोन दिवसांत जाईल." लघवीची नळी होती, पिशवी पलंगाला लटकत होती. सिस्टर ती पिशवी रिकामी करायची, अंग पुसायची, कुशीवर वळवायची, आणि धाकटी डोळे घट्ट मिटून पडायची. तीन वर्षं हेच ती दुसऱ्या माणसाचं करत आली होती. ज्याचं करतात त्याला छताकडे बघत काय काय वाटतं, हे तिच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी ती घरी आली. तिचा पलंग पुढच्या खोलीत, सासूबाईंचा मागच्या. मध्ये एक भिंत आणि उघडं दार. खोकला आला की पोटावर उशी दाबून धरायची, उठताना आधी कुशीवर वळायचं, मग हाताच्या रेट्याने बसायचं. बाकी दिवसभर ऐकायचं. मदतनीस बाई घाई करते आहे हे आवाजावरून कळायचं. खुर्चीचं चाक अडकलं की कळायचं. सासूबाईंचा "बरं" वर चढला की पाणी गरम आहे, हेही कळायचं. "पाणी पोळतंय त्यांना," ती पडल्या पडल्या ओरडायची, आणि ओरडल्याने पोटात कळ यायची. उठून जाऊन पाण्यात बोट घालणं, एवढीशी गोष्ट. ती करायला जाईपर्यंत अंघोळ उरकलेली असायची.

नवव्या दिवशी, दुपारी बाराच्या सुमारास, मदतनीस बाईला शाळेतून फोन आला. तिच्या मुलीला ताप भरला होता. ती दारात घुटमळत राहिली.

"जा तू," धाकटी म्हणाली. "हे दीडपर्यंत येतायत. आत्ताच तर आईंना बसवून आणलंयस."

बाई गेली. घर शांत झालं. एक वाजता धाकटीला खोकल्याची उबळ आली. उशी हाताशी नव्हती. खोकला थांबेना, पोटात सुऱ्या चालल्यासारखं झालं आणि ती कण्हली, मोठ्याने कण्हली. मागच्या खोलीतून "बरं?" असा आवाज आला. खोकल्यात तिला उत्तर देता आलं नाही. मग कठडा खडखडला, आणि मग धप्प आवाज झाला.

ती भिंतीला धरून आत गेली तेव्हा सासूबाई जमिनीवर एका कुशीवर पडल्या होत्या. डोकं शाबूत होतं, पांघरूण पायात अडकलं होतं. कमोडची खुर्ची पलंगाच्या डाव्या अंगाला होती. त्या पडल्या होत्या उजव्या अंगाला, दाराकडे. ज्या बाजूला ना हात चालत होता, ना पाय.

"आई, कुठं निघाला होता?"

सासूबाईंनी तिच्या पोटाकडे बघितलं आणि मान फिरवली.

धाकटी खाली बसली. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते तिला शब्दन् शब्द आठवत होतं. तरी तिचा हात आपोआप सासूबाईंच्या काखेत गेला, गुडघा गुडघ्याला लागला. "एक," ती म्हणाली. "दोन." दोनलाच आत काहीतरी ताणलं गेलं, आणि मांडीवर ऊब जाणवली. तिने हात सोडले. सासूबाई पुन्हा जमिनीवर टेकल्या आणि ती त्यांच्या शेजारी पलंगाला पाठ लावून बसून राहिली. आता हलायचीही भीती वाटत होती.

फोन गाऊनच्या खिशात होता. नवऱ्याचा लागेना. लिफ्टच्या खड्ड्यात उतरला की त्याला रेंज नसते, हे तिला ठाऊक होतं. तरी तिने अकरा वेळा लावला. मदतनीस बाई उचलेना. थोरलीने पहिल्या घंटेला उचलला आणि ऐकल्या ऐकल्या रडायला लागली. दोनशे किलोमीटरवरून ती दुसरं करणार तरी काय? धाकटीलाच तिची समजूत घालावी लागली. रुग्णवाहिकेच्या नंबरवरच्या माणसाने विचारलं, "पडलेली व्यक्ती शुद्धीवर आहे का?"

"आहेत."

"डोक्याला मार? रक्त?"

"नाही."

"मग गाडीला दीड-दोन तास लागतील. आधी अपघाताच्या गाड्या सोडतो. तुम्हाला स्वतःला काही झालंय का?"

"नाही," धाकटी म्हणाली. का म्हणाली, ते तिला पुढेही कधी कुणाला नीट सांगता आलं नाही.

मग करण्यासारखं काही उरलं नाही. तिने हात लांब करून उशी ओढली, सासूबाईंच्या डोक्याखाली सरकवली. दोनच्या पुढे केव्हातरी सासूबाईंचा धीर सुटला आणि ओल फरशीवरून पसरत धाकटीच्या गाऊनपर्यंत आली. सासूबाई रडायला लागल्या. उजवी बाजू गेली तेव्हाही त्या रडल्या नव्हत्या.

"राहू द्या, आई," धाकटी म्हणाली. "माझंही तेच झालंय. दोघींचं एकदमच धुऊ."

सासूबाईंनी डावा हात चाचपत पुढे आणला आणि तिच्या गाऊनची कड मुठीत धरली. खिडकीतलं ऊन पलंगाच्या पायापासून कपाटाच्या कडेपर्यंत सरकलं. समोरच्या इमारतीत कुणीतरी भिंतीला भोक पाडत होतं. मध्येच थांबायचं, पुन्हा सुरू करायचं. धाकटी त्यावर कान लावून बसली, कारण आतून किती जातंय याकडे लक्ष द्यायचं तिला धाडस होत नव्हतं.

साडेतीनला दारात किल्ली फिरली. रुग्णवाहिका अजून आलीच नव्हती. "लिफ्टमध्ये सहा जण अडकले होते गं, त्यात एक म्हातारे गृहस्थ," असं बोलतच नवरा आत आला आणि मागच्या खोलीच्या उंबऱ्यात थबकला. दोन बायका जमिनीवर. आधी कुणाला उचलावं, त्याला कळेना. हात पुढे करून तो नुसताच उभा राहिला.

"आधी आई," धाकटी म्हणाली.

"बरं," सासूबाई म्हणाल्या आणि गाऊनची कड ओढली. आधी हिला.

संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी तपासलं. "टाके तुटलेले नाहीत, नशीब. पण आत रक्त साकळलंय. औषधं देते. आता आणखी तीन आठवडे पूर्ण विश्रांती." त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "सासूबाईंची वेगळी सोय बघा. हे असं एका घरात दोघींचं होणार नाही."

सोय झाली. वृद्धांना ठेवतात अशी एक जागा, बसने अर्ध्या तासावर. दोन महिन्यांपुरती, असं ठरलं. ठरवलं नवऱ्याने आणि थोरलीने, फोनवरून. धाकटीला विचारलं नाही असं नाही. विचारलं, आणि तिला नाही म्हणायला जागाच नव्हती. न्यायला दोन माणसं आली, त्या दिवशी ती पुढच्या खोलीत पडून होती. चाकांची खुर्ची तिच्या पलंगाजवळून गेली. तिने हात केला. सासूबाई समोर दाराकडे बघत होत्या.

सात आठवड्यांनी तिला बसने जायची परवानगी मिळाली. रविवारी ती आणि नवरा गेले. लांबट खोली, चार पलंग, स्वच्छ पडदे. सासूबाईंचे केस बारीक कापलेले होते. त्याने त्या वेगळ्याच दिसत होत्या, शाळकरी मुलीसारख्या. धाकटीने पिशवीतून कंगवा काढला आणि तो तसाच हातात धरून बसली.

तेवढ्यात दोन बाया आल्या. एकीने अंथरलेली चादर या बाजूने गुंडाळली, दुसरीने त्या. एकमेकींकडे बघून मान हलवली आणि सासूबाई चादरीसकट अलगद उचलल्या गेल्या, खुर्चीत टेकल्या. दहा सेकंदही लागले नाहीत. कुणी दम टाकला नाही, कठडा धरला नाही. जाता जाता त्यातली एक म्हणाली, "तुम्हीच का घरी करत होता? एकट्या?"

"हो."

"एकटीने करायचं काम नव्हे हे," ती सहज म्हणाली आणि पुढच्या पलंगाकडे गेली.

धाकटी खुर्चीजवळ उभी राहिली. सासूबाईंचा पाय पायपट्टीवरून घसरला होता. तो वर ठेवायला ती वाकली आणि मध्येच थांबली. पाय म्हणजे किटलीपेक्षा जड की हलका, तिला ठरवता येईना. नवऱ्याने वाकून तो ठेवला.

"घरी कधी न्यायचंय यांना?" दारातून सिस्टरने रजिस्टर उघडून विचारलं.

नवऱ्याने धाकटीकडे बघितलं. सासूबाईंनी त्याच्याही आधी बघितलं होतं.

"अजून ठरलं नाही," धाकटी म्हणाली. सिस्टरने रजिस्टर मिटलं. भेटीची वेळ संपत आली होती, पण बस यायला अजून वेळ होता, म्हणून ती पलंगाच्या कडेवर बसून राहिली.