ओट्यावर बसलेला जावई

फाकाताने गावातल्या, स्वयंपाकघरं बांधून देणाऱ्या त्या दुकानात, नमुना म्हणून मांडलेल्या ओट्यावर कॅलम खुशाल बूड टेकून बसला आणि हुइयानं चटकन आईकडे बघितलं. आता आई काही त्याला सोडत नाही. जिथं अन्न ठेवायचं तिथं बसायचं नसतं, हे माओरी घरातल्या रांगत्या पोरालाही कळतं. या गोऱ्या जावयाला आठ वर्षांत कळलं नव्हतं, आणि दर वेळी सासू रिपेका त्याला चार शब्द सुनावून खाली उतरवायची. आज तिनं नुसतं बघितलं आणि मान फिरवली. हुइयाला खरी धास्ती बसली ती तिथं.

कारण समोरच्या टेबलावर हुइयाच्या नव्या स्वयंपाकघराचा नकाशा उघडा पडला होता. ओट्याखाली, सिंकला अगदी लागून, कपडे धुण्याचं मशीन. रिपेका चष्मा लावून तेवढंच बघत होती.

मार्चमध्ये ती घरी एकटीच असताना न्हाणीघरात पडली आणि दुपारपर्यंत तशीच पडून राहिली. तेव्हापासून विनवण्या करकरून आत्ता कुठं ती लेकीकडे राहायला तयार झाली होती. धुण्याची खोली तिला द्यायची ठरली. मग मशीन कुठं जाणार? दाराआड झाकलं की आईला दिसणार नाही, अशी हुइयानं मनाची समजूत घातली होती. जिच्या घरी ताटं पुसायची फडकीसुद्धा अंगावरच्या कपड्यांबरोबर कधी भिजली नाहीत, तिच्या लेकीनं अन्नाच्या ओट्याखाली कपडे धुवावेत!

दुकानातल्या डिझायनर बाईनं ओट्याचे नमुने पसरले. दगडी, लाकडी, स्टीलचा. आज सही झाली तर सोमवारी काम सुरू. आजींना कुठला आवडतो, असं तिनं विचारलं.

"त्यांना आवडेल तो घेऊ देत," रिपेका म्हणाली. "घर त्यांचं आहे. मी आपली माझ्या घरी बरी."

झालं. हुइयानं पेन उचललं आणि नकाशातल्या मशीनवर काट मारली. बाई म्हणाली, मग मागच्या ओसरीशिवाय जागाच नाही. कॅलमनं बसल्या बसल्या विचारलं, ऐन हिवाळ्यात, पावसात तिथं धुणं घेऊन जाणार कोण?

"मी जाईन," हुइया म्हणाली. "आई, मला सगळं माहीत होतं. माहीत असून मी नकाशात ते तसं काढायला लावलं. चुकलं माझं."

रिपेकानं स्टीलच्या तुकड्यावरून तळवा फिरवला, नखानं टकटक केलं. मग काठी उचलून जावयाच्या गुडघ्याला टेकवली.

"उतर खाली. उद्या मी पीठ मळणार कुठं, तुझ्या बुडाखाली?"

कॅलम मुकाट्यानं उतरला. हुइयाला भर दुकानात रडू फुटलं. डिझायनर बाईनं गोंधळून विचारलं, मग स्टीलचाच लिहू ना?