प्रश्नचिन्ह आलेले फोटो

भोईवाड्यातल्या आमच्या चाळीत कोणाचाही कॉम्प्युटर रुसला की बोलावणं मला येतं. मी जाहिरात कंपनीत फोटो दुरुस्त करते, एवढाच माझा गुन्हा. प्रिंटरात कागद अडकला तरी हाक येते, ‘ऋता, जरा बघतेस का?’

त्या रविवारी शेजारचा रघुवीरदादा आला. त्याच्या धाकट्या भावाचं, विनीतचं, वर्षश्राद्ध पुढच्या आठवड्यात होतं. भिंतीवर लावायला चांगला फोटो हवा होता आणि कॉम्प्युटर फोटो दाखवतो पण उघडत नाही, अशी त्याची तक्रार होती. दिवसकार्याला आधारकार्डावरचाच फोटो मोठा करून पाटावर ठेवला होता. त्यात विनीत पोलिसांनी उचलून आणल्यासारखा दिसत होता, आणि त्याची आई, कमलाकाकी, वर्षभर तेच बोलून रडायची. म्हणून मी गेले.

कॉम्प्युटर विनीतचाच. त्याला फोटोंचं वेड. सत्यनारायण, बारसं, गावचा शिमगा, सगळं त्याने फोटोंच्या सॉफ्टवेअरमध्ये लावून ठेवलेलं. काही फोटोंवर प्रश्नचिन्ह होतं. यात घाबरण्यासारखं काही नसतं. सॉफ्टवेअर स्वतःजवळ फक्त नखाएवढी प्रत आणि मूळ फोटोचा पत्ता ठेवतं. कोणी फोल्डरचं नाव बदललं की पत्ता चुकतो. नवा पत्ता दाखवला की फोटो परत येतात. काकींना मी तसं सांगितलंसुद्धा. त्या खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसल्या आणि त्यांनी पदराने चष्मा पुसला.

पण फोल्डर जागच्या जागी होते. एकाच बारशाचे अर्धे फोटो उघडत होते, अर्धे नाहीत. डिस्क खराब झाली की असं निवडून होत नाही. मी प्रश्नचिन्हवाले तेवढे एकत्र केले आणि माझं डोकं फिरलं. प्रत्येक फोटोत अक्षदा होती. अक्षदा म्हणजे विनीतची बायको.

तिला या लोकांनी चौदाव्याच्या दुसऱ्या दिवशी भायखळ्याला माहेरी पोचवलं होतं. ‘चार दिवस बरं वाटेल तिला,’ असं सगळ्यांना सांगून. चाळीच्या जागी टॉवर होणार आहे, खोली विनीतच्या नावावर होती, त्यामुळे ते चार दिवस अजून संपलेले नाहीत. चाळीत सगळ्यांना कळतं. बोलत कोणी नाही, मीही नाही.

सॉफ्टवेअर चेहऱ्यावरून माणूस शोधून देतं. रघुवीरदादाने तिचा चेहरा शोधला होता आणि एकेका फोटोच्या मूळ फोल्डरात जाऊन तो उडवला होता. मी विचारलं तेव्हा त्याने कबूलही केलं, वर शहाणपणा सांगितला की सॉफ्टवेअरमधून काढलं तर मागे राहतं, म्हणून मुळापासून काढलं. नंतर डिस्कवरच्या त्या रिकाम्या जागेत त्याने सिनेमे भरले होते. परत मिळवायचा प्रोग्रॅम मी चालवून बघितला. हाती काही लागलं नाही.

गंमत अशी की विनीत कायम कॅमेऱ्यामागे. तो फोटोत यायचा तो अक्षदाने हात धरून ओढला तरच. ती गेली तिथून हाही गेला, आणि ते दादाच्या ध्यानातही आलं नव्हतं. बाकीच्या शेकडो फोटोंत रघुवीरदादा होता, ढेरीसकट. मला शिसारी आली. त्या माऊसलासुद्धा हात लावू नये असं वाटलं.

मी दादाला म्हटलं, स्वतःच्या भावाला पुसून टाकलंस, लाज वाटत नाही? तो काही बोलण्याआधी काकीच बोलल्या.

“त्येका कित्याक बोलतंस? मियाच सांगितलंय. तिचा तोंड बघूचा नव्हता माका.”

किळस यायचीही एक हद्द असते. तरी मी मोबाइल काढला. अक्षदाकडे हे फोटो नक्की असणार होते, तिला काकींनी नुसता फोन करायचा होता. मी नंबर काढून मोबाइल त्यांच्यासमोर धरला.

“कर फोन,” रघुवीरदादा म्हणाला. “उद्या बॅग घेऊन दारात उभी राहील. मग मला सांगू नकोस.”

काकींचा हात मोबाइलपर्यंत आला होता. तो त्यांनी मागे घेतला आणि पडद्यावरच्या नखाएवढ्या विनीतकडे बोट दाखवलं. हाच मोठा कर, म्हणाल्या. दादाने लगेच सूचना केली की खांद्यावर तिचा हात दिसतोय तेवढा काढ. मी हाताला हात लावणार नाही म्हटलं, पण फोटो मोठा करून दाखवला, डोळ्यांनी बघू देत म्हणून. विनीतच्या डोळ्यांच्या जागी चार चौकोन आले, तोंडाच्या जागी एक मातकट पट्टा.

काकी उठल्या, मागे मागे जात पार दाराला टेकल्या आणि तिथून डोळे बारीक करून बघत राहिल्या.

“छाप तू,” त्या म्हणाल्या. “लांबसून दिसता तो.”