सुनेचे केस

माझ्या मुलानं लग्न ठरवलं तेव्हा मी मुलीचं शिक्षण विचारलं नाही की नोकरी विचारली नाही. मी तिचे केस बघितले. यात माझा दोष कमी आणि धंद्याचा जास्त. पार्लर चालवता चालवता इतकी डोकी हाताखालून गेली आहेत, की रस्त्यात कुणी भेटलं तर नाव आठवत नाही, पण डोक्यावरचा भोवरा कुठे आहे ते बरोबर आठवतं.

मुलगी पहिल्यांदा घरी आली ती दाट, काळाभोर अंबाडा घालून. चहाचा कप हातात असताना, सगळ्यांसमोर मी म्हणाले, "अगं, काय केस आहेत तुझे! लग्नात तुला मीच तयार करणार. हे केस दुसऱ्या कुणाच्या हातात देणार नाही." मुलगी हसली. मुलगाही हसला, पण जरा उशिरा. माझं लक्ष अंबाड्याकडे होतं.

दुसऱ्या दिवसापासून खुर्चीत बसेल तिला मी सुनेच्या केसांचं वर्णन ऐकवायला लागले. कुणी भुवया करायला आलेली असो की कोंड्याची तक्रार घेऊन, सुटका नाही. एकीच्या तोंडाला मी लेप लावून ठेवला होता, तिला बिचारीला धड हो-नाहीही म्हणता येत नव्हतं. "लग्नाला या आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघा," मी सगळ्यांना सांगायचे.

आणि मग मुलगा म्हणाला, नवरी तयार व्हायला समोरचीकडे जाणार आहे.

समोरची म्हणजे जिचं पार्लर रस्त्याच्या पलीकडे, माझ्या दारासमोर आहे ती. आम्ही दोघी एकाच बाईंकडे शिकलो, पाठोपाठ दुकानं टाकली आणि तेव्हापासून एकमेकींच्या गिऱ्हाइकांवर डोळा ठेवून आहोत. तिचं काम चांगलं आहे. हे इथे सांगते आहे, तिला कधी सांगितलेलं नाही.

माझा तिळपापड झाला. "म्हणजे घरात आई स्वयंपाक करून बसलीय आणि तुम्ही जेवायला शेजारी चाललात!" मी मुलाला म्हटलं.

"आई, डोकं तिचं आहे. तिला ठरवू दे."

"अरे, पण का?"

"ते तिलाच विचार."

विचारलं. "काकू, त्या दिवशी तुम्हाला पाहुणे बघायचे असणार. उगाच तुम्हाला कशाला त्रास," ती खाली बघत म्हणाली. त्रास! मला! मी तशीच उठले आणि रस्ता ओलांडून समोरचीच्या दुकानात शिरले, आयुष्यात पहिल्यांदा.

"माझ्या सुनेला काय सांगून फितवलंस?"

ती एकीच्या बटा कापत होती. कात्री काही थांबली नाही. "मी कुणाला फितवत नाही. ती माझ्याकडे आधीपासून येते. तुमच्या घराशी ओळख व्हायच्याही आधीपासून."

"कशाला येते?"

"गिऱ्हाइकाच्या डोक्यातलं बाहेर सांगायचं नाही, हे तुलाही बाईंनीच शिकवलंय."

मी दार आपटून परत आले.

लग्नाच्या सकाळी मी नवे कपडे घालून हॉलच्या दारात उभी होते. हसत होते, पण आतून धुसफुस चाललेली. आलेल्यांत निम्मी माझीच गिऱ्हाइकं. एकेक जण आत शिरता शिरता विचारत होती, "कुठेय ती केसांवाली?" आणि मी म्हणत होते, "येईल, येईल, दम धरा."

तेवढ्यात मुलगा आला. कोटाची बटणं अर्धीच लावलेली. "आई, आत चल. बोलावलंय तुला."

"कोणी? समोरचीनं?"

"दोघींनी. आणि आई, आत गेल्यावर आधी बघ. मग बोल."

माझ्या जिभेला हाड नाही हे घरात सगळ्यांना माहीत आहे. मी तोंड मिटून त्याच्यामागे गेले. मला दारापाशी सोडून तो परत फिरला.

खोली हॉलच्या मागे होती, लहानशी, पडदे ओढलेले. आरशाभोवती दिवे लावले होते. मुलगी लग्नाचा लांब, घोळदार झगा घालून खुर्चीत बसली होती. एका डोळ्याला काजळरेघ ओढलेली, दुसरा तसाच, आणि रडून चेहऱ्यावरचं सगळं फाउंडेशन ओघळलेलं. समोरची रुमालात बर्फ घेऊन तिच्या डोळ्यांखालची सूज उतरवत होती. केस मोकळे होते. आणि अंबाडा टेबलावर होता.

अख्खा अंबाडा. दाट, काळाभोर, टेबलावर.

मी मुलीच्या मागे गेले. डोक्याच्या मागच्या बाजूला तळहाताएवढी चाई पडली होती, अगदी गुळगुळीत. भोवतालचे केसही विरळ झाले होते. खोटं कशाला सांगू, माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की समोरचीनं काय सफाईनं बसवला होता अंबाडा, मलासुद्धा कळला नाही! मग आरशात तिचे सुजलेले डोळे दिसले.

"आधी एवढीशीच होती," मुलगी म्हणाली. "लग्नाच्या गडबडीत वाढत गेली. आता क्लिपला धरायलाही केस उरले नाहीत."

समोरची माझ्याकडे न बघता म्हणाली, "चाईच्या कडेनं बारीक वेणी घालायची आणि तिच्यावर अंबाडा शिवायचा. पण एकीनं मुळं धरायला हवीत. तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाचे हात मला चालणार नाहीत, असं मी हिला सांगितलं."

तिनं माझं कौतुक केलंय हे माझ्या बऱ्याच वेळानं लक्षात आलं. तेव्हा मी फक्त बाह्या सारल्या. बाईंकडे शिकताना आम्ही असंच काम करायचो, एकीनं धरायचं आणि एकीनं गुंफायचं. हातांना सगळं आठवत होतं.

पण वेणी चार बोटंही पुढे सरकली नाही, तोच माझ्या चिमटीतले केस सुटून हातात आले. ओढ बसली नव्हती तरी आले. मी दुसरी बट धरली, तिचंही तेच झालं. आरशात बघितलं तर मुलीनं डोळे गच्च मिटून घेतले होते.

"बास," मी म्हणाले.

"काकू, चालू द्या ना."

"अगं, आहेत तेही जातील."

"जाऊ देत. आजचा दिवस निघाला पाहिजे. बाहेर सगळ्या केस बघायला आल्यात. तुम्हीच सांगितलंय त्यांना."

माझ्या हातात तिचे केस होते, ते कुठे ठेवावेत तेही मला सुचेना.

"तुझ्या नवऱ्याला..." मी विचारलं.

"त्याला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. भीती तुमचीच होती." ती आरशातून माझ्याकडे बघायला लागली. "तुम्हाला माझ्यातलं तेवढंच आवडलं होतं, काकू. आणि नेमकं तेच माझं नव्हतं."

समोरचीनं बर्फाचा रुमाल उगीचच पिळला. मी पुढे होऊन टेबलाच्या कडेला टेकले आणि रडले, माझा सगळा मेकअप वाहून जाईपर्यंत रडले.

"मला दुसरं काही बोलताच येत नाही गं," मी म्हणाले. "कुणी आवडलं की मी केसांबद्दल बोलते. तू दारातून आत आलीस, बूट काढून नीट जोडीनं ठेवलेस, माझ्या मुलाच्या कॉलरवरचा दोरा जाता जाता उचललास, तेव्हाच मला तू आवडली होतीस. ते कसं सांगायचं मला कळलं नाही. म्हणून अंबाड्याचं बोलले."

मी उठून तिच्या मागे गेले आणि त्या उघड्या जागेवर हात ठेवला. तान्ह्या मुलाच्या टाळूसारखी ऊबदार लागली. तिनं डोकं माझ्या हातावर रेलून दिलं.

मग आम्ही घातलेली वेणी सोडवली. समोरचीनं मुलीचा चेहरा पुसून नव्यानं सुरुवात केली, या वेळी अगदी हलक्या हातानं. सुजलेल्या डोळ्यांवर जाड थर दिला तर ते जास्त दिसतात. मी मऊ ब्रश घेतला, भांग दुसऱ्या बाजूनं पाडला, वरचे केस सैलसर मागे आणले आणि मानेवर लहानशी गाठ बांधली. एकही पिन मुळाला लागू दिली नाही.

"थोडं सुटेल," समोरची म्हणाली.

"सुटू दे," मी म्हणाले.

बाहेरून बोलावणं आलं. मुलगी उभी राहिली. "काकू, खरं सांगा. दिसतंय?"

गिऱ्हाइकाशी खोटं बोलत नाही मी, सुनेशी कशी बोलू? "समोरून नाही. पण मागून दिसतं. मान वळवलीस तर जास्त."

तिची नजर टेबलावरच्या अंबाड्याकडे गेली. हातही थोडा पुढे झाला, आणि तसाच मागे आला.

दार उघडलं. भरलेला हॉल, आणि पार टोकाला माझा मुलगा. त्याच्या शेजारची जागा रिकामी होती. नवऱ्याच्या आईची, म्हणजे माझीच. मी तिकडे गेले नाही.

"तू चाल," मी म्हणाले. "मागे मी आहे."

ती निघाली. मी तिच्या इतकी लगत चालत होते की मधून वारासुद्धा गेला नसता. माझे डोळे रडून लाल, नाक त्याहून लाल. माझी गिऱ्हाइकं माना उंच करत होती, त्यांना माझ्याशिवाय काही दिसत नव्हतं. आणि बरोबर अर्ध्या वाटेत, सगळ्यांच्या देखत, तिच्या झग्याच्या घोळावर माझा पाय पडला.

ती खळखळून हसली. "अहो काकू!" म्हणाली, आणि भर हॉलमध्ये मान पूर्ण वळवून तिनं माझ्याकडे बघितलं.