तेल कुठवर उडतं

जवसाच्या तेलात मिरची तडतडली, की वहिनी मान किंचित डावीकडे वळवायची आणि त्याच क्षणी भिंतीवर तेलाचे चार थेंब उमटायचे. सव्वीस वर्षं तेच थेंब, तीच मान. पूर्वेच्या खिडकीतून येणारं कार्तिकातलं कोवळं ऊन त्या तेलकट, धुरकट भिंतीवर पडलं, म्हणजे तिचा मातकट रंग मोठा शांत दिसे. अड्याळच्या आमच्या घरात त्या भिंतीसमोर तिच्याइतकं कोणी उभं राहिलेलं नाही. आणि म्हणूनच अजून माझं डोकं फिरतं, कारण त्या भिंतीला टाइल कोणती लावायची हे तिला सोडून सगळ्यांनी ठरवलं. त्या सगळ्यांत मीही होतो.

गेल्या कार्तिकात निमित्त झालं पुतणीला पाहायला येणाऱ्या पाहुण्यांचं. दादाला, म्हणजे वहिनीच्या नवऱ्याला, घाई झाली होती. आम्ही दोघे भाऊ भंडाऱ्याला गेलो आणि आरशासारखी चकाकणारी पांढरी टाइल घेऊन आलो, मधूनमधून द्राक्षांची टोपली आणि वाफाळता कप छापलेली. आमच्या घरात द्राक्षं कोण खातं, हा प्रश्न दोघा शहाण्यांपैकी एकालाही पडला नाही.

वहिनी विणकराघरची लेक. कापड हातात आलं की आधी उलटी बाजू पाहायची, काठ नंतर. टाइलही तिने तशीच उलटी केली, पाठीवरून अंगठा फिरवला, मग गॅसमागच्या भिंतीशी जाऊन नखाने खरवडलं. चुन्याचा पापुद्रा सुटून ओट्यावर पडला, त्याखाली दुसरा, त्याखाली जुन्या चुलीची काजळी.

"भित आंधी खरडून घ्या," ती म्हणाली. "चुन्यावर चुना हाये, त्यावर धूर. टाइल कशी धरन? अन् एवढी चमक मले नोको, सकाळचं ऊन डोळ्यात येते."

"पाहुने परवा येऊन राहिले," दादा म्हणाला. "भित खरडाले टाइम कुठं हाये?"

"पाहुने घंटाभर पाह्यतीन. मले रोज पाहा लागते." मग माझ्याकडे वळून, आवाज न चढवता, "भाऊजी, तुमी त शिकले-सवरले. तुमाले तरी मले इचारावं वाटलं नाही?"

मी हसलो. भावाची बाजू राखायला नुसता हसलो. त्या हसण्याची मला आजही शिसारी येते.

टाइल लागली, जुन्या चुन्यावरच. पाहुणे आले, चहा पिऊन गेले. स्वयंपाकघरात कोणी डोकावलंही नाही. वहिनी त्यानंतर भिंतीबद्दल एक अक्षर बोलली नाही. रोज सकाळी पदर कपाळावर ओढून, डोळे बारीक करून ती फोडणी द्यायची आणि मग ओल्या फडक्याने ती द्राक्षं पुसायची. तिच्या गप्प बसण्याला आम्ही समजूतदारपणा म्हणत होतो. किती सोयीचा शब्द!

गेल्या वैशाखात ती गेली, चार दिवसांच्या तापात. श्रावणाच्या झडीत भिंतीने ओल धरली आणि एका दुपारी टाइल ओळीने गळून पडल्या. त्यांच्या पाठीला चिकटून चुन्याचे पापुद्रेही आले, आणि त्या पापुद्र्यांबरोबर तिच्या फोडण्यांचे जुने डाग. मला दादाचा राग आला, त्या चकाकीचा आला, सगळ्यात जास्त स्वतःचा आला. आणि तो ऐकून घ्यायला ज्या माणसाने असायला हवं होतं, ते घरात नव्हतं.

आता पुन्हा कार्तिक आहे. काल सकाळी मिस्त्री आला. भिंत विटेपर्यंत खरडायची, टाइल बिनचमकेची लावायची, हे मी त्याला दारातच सांगितलं. त्याने मान डोलावली, टेप काढून ओट्यापासून वर धरला आणि सहज विचारलं, "तेल कुठवर उडते जी? तेवढंच लावू."

दादाने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे. सव्वीस वर्षं हे उत्तर आमच्या घरात रोज उभं होतं, मान किंचित डावीकडे वळवून. आम्हाला विचारायची वेळ आली, तेव्हा तिथे नुसतं ऊन होतं.