वीजबिलं नावाचा फोल्डर

घरमालकाने भाडेकराराची प्रत मागितली नसती, तर हा प्रकार शमिकाच्या आणखी काही दिवस लक्षातही आला नसता.

बंगळुरातल्या मारतहळ्ळीच्या त्या फ्लॅटमध्ये ती आणि आशय लग्नानंतर राहायला आले होते. शमिका एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंग करायची. दिवसभर दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधणारी ही मुलगी स्वतःच्या मोबाइलच्या बाबतीत मात्र कमालीची गबाळी होती. तिकिटं, पासपोर्टचे फोटो, डॉक्टरांचे कागद, सगळं तिच्या ड्राइव्हमध्ये एकाच ढिगात पडलेलं असायचं. नाव टाकून शोधायचं, मिळालं की झालं.

त्या सकाळी तिने करार शोधला. मिळाला, पण 'घर' नावाच्या फोल्डरमध्ये. असा फोल्डर तिने कधी केलाच नव्हता. ती बोटाने खाली सरकत गेली. 'प्रवास'. 'दवाखाना'. 'ओळखपत्रे'. कोणीतरी तिच्या ढिगाचे नीट कप्पे लावले होते.

तिने स्वतः केलेला एकच फोल्डर होता, 'वीजबिलं' नावाचा, तो घाईघाईने उघडला. त्यात एकही वीजबिल नव्हतं, कधीच नव्हतं. त्यात तिच्या मॅनेजरच्या, गिरीराजच्या मेसेजेसचे स्क्रीनशॉट होते. दिवाळीच्या सुमारास त्याने सुरुवात केली होती. आधी तिच्या कपड्यांबद्दल, मग त्याहून वाईट, आणि शेवटी अप्रेझल कोणाच्या हातात आहे याची आठवण. पाठवायचा आणि थोड्या वेळाने स्वतःच पुसून टाकायचा. म्हणून दिसला मेसेज की शमिका आधी स्क्रीनशॉट घ्यायची. कंपनीच्या तक्रार समितीकडे जायचं तिने ठरवलं होतं, अर्ज अर्धा लिहूनही झाला होता. आणि फोल्डरला नाव असं दिलं होतं की चुकूनही कोणाला उघडावंसं वाटू नये.

त्यातले बरेच स्क्रीनशॉट गायब होते. जुने, सुरुवातीपासूनचे. अप्रेझलवाला मेसेजही नव्हता.

तिने कचरापेटी पाहिली. रिकामी. मग फाइलींवर काय काय झालं त्याची नोंद उघडली. तिथे एकाखाली एक ओळी होत्या: तुम्ही ही फाइल हलवली. तुम्ही ही फाइल हटवली. तुम्ही कचरापेटी रिकामी केली.

तुम्ही म्हणजे मी, शमिका मनात म्हणाली. म्हणजे माझा फोन ज्याच्या हातात पडतो तो.

स्वयंपाकघरातून आशय ओरडला, "चहा टाकलाय, घेणार ना?"

तिने फोन पालथा ठेवला.

उरलेल्या सगळ्या स्क्रीनशॉट्सच्या प्रती तिने त्याच दिवशी ऑफिसातून दुसऱ्या खात्यात उतरवून घेतल्या. मूळ फोल्डर मात्र आहे तसा ठेवला. ज्याने हात घातला तो पुन्हा घालणार, अशी तिची खात्री होती.

आशयवर संशय घ्यायला कारणं हवी तेवढी होती. त्याच्या फडताळात डाळींच्या डब्यांवरही चिठ्ठ्या चिकटवलेल्या असायच्या. पसारा त्याला सहन व्हायचा नाही. "तुझ्या फोनमध्ये एकदा झाडू मारायला पाहिजे," असं तो गंमतीने म्हणायचाही. तिचा फोन त्याच्या बोटाने उघडायचा, कारण गाडी चालवताना नकाशा तोच बघायचा. आणि तक्रारीचं ऐकल्यावर तो म्हणाला होता, "सोड ना. दुसरा जॉब बघ. या लफड्यात पडलीस तर तुलाच त्रास होईल." गिरीराज हा आशयच्या नव्या बॉसचा कॉलेजमधला मित्र आहे, हे तिला नंतर कळलं होतं. आशयने ते स्वतःहून सांगितलं नव्हतं.

आता त्याच्या साध्या साध्या वागण्यातही तिला काहीतरी दिसायला लागलं. तो बाल्कनीत जाऊन फोनवर बोलला, की ती पाण्याचा ग्लास घेऊन दारापाशी घोटाळायची. एकदा त्याने लॅपटॉप मिटला तो आपल्याला पाहूनच, असं तिला वाटलं. विचारायचं धाडस होईना. विचारलं आणि तो खोटं बोलला, तर पुढे काय?

ऑफिसात गिरीराजचं हे सगळं सुप्रीताला माहीत होतं. ती शमिकाच्या शेजारीच बसायची. तिचं घराणं कित्येक पिढ्या बंगळुरात राहिलेलं, मराठी बोलता बोलता ती कन्नडमध्ये घसरायची. पण सुप्रीताला शमिकाच्या फोनचा पिनही माहीत होता. आणि गेल्याच महिन्यात गिरीराजने तिला बढतीसाठी सुचवलं होतं. शमिकाने तिच्याबरोबर जेवायला जाणं बंद केलं.

"काय झालंय गं तुला?" सुप्रीताने विचारलं.

"काही नाही. काम आहे."

"सरी, ठीक आहे," म्हणून सुप्रीता एकटी निघून गेली.

शमिकाने पिन बदलला. आशयच्या बोटाचा ठसा काढून टाकला.

रविवारी दोघं गाडीतून निघाले. सिग्नलला आशयने तिचा फोन उचलला, बोट लावलं. उघडला नाही. पुन्हा लावलं.

"माझं बोट काढलंस?"

"हो."

"का?"

"असंच."

"शमिका, असंच कोणी काढत नाही."

मागून हॉर्न वाजायला लागले. त्याने गाडी पुढे घेतली आणि पहिल्याच गल्लीत थांबवली. मग तिने सांगून टाकलं. फोल्डर, नोंदी, रिकामी कचरापेटी, त्याच्या बॉसची ओळख, सगळं. आशय समोरच्या काचेतून बाहेर बघत ऐकत राहिला.

"तुला वाटतं ते मी केलं?" त्याने विचारलं.

"मग कोणी केलं?"

"तू तक्रार करू नयेस असं मला वाटत होतं. अजूनही थोडं वाटतं. भीती वाटते मला, खोटं कशाला बोलू? पण मी तुझ्या फायली पुसेन?"

"बॉसचं का लपवलंस?"

"कारण तू हेच समजशील, हे मला माहीत होतं."

त्या उत्तराने तिचा संशय गेला नाही, उलट आणखी घट्ट झाला. दोघं तिथूनच घरी परतले. दुसऱ्या दिवशी आशय कंपनीच्या कामासाठी चेन्नईला गेला. जाताना नेहमीसारखं दारात थांबला नाही.

त्यानंतरच्या दुपारी शमिका ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये एकटी बसली होती. समोर इडली गार होत होती आणि हातात फोनवर तो फोल्डर उघडा होता. बघता बघता वरच्या ओळीतला एक स्क्रीनशॉट नाहीसा झाला. तिचं बोट स्क्रीनला लागलंही नव्हतं. थोड्या वेळाने त्याच्या शेजारचाही गेला. जणू समोर कोणी अदृश्य माणूस बसून एकेक उचलून नेत होता.

तिने आजूबाजूला पाहिलं. गिरीराज दूरच्या टेबलावर हसत बोलत होता, त्याचे दोन्ही हात मोकळे होते. सुप्रीता कॉफीच्या रांगेत उभी होती. आशय चेन्नईला. पण त्याच्याकडे लॅपटॉप होता, आणि पासवर्ड त्याने कधीतरी पाहिला असणार.

तेव्हा कुठे तिला सुचलं की आपलं खातं कुठकुठे उघडं आहे ते बघावं. हे तर आपण पहिल्याच दिवशी करायला हवं होतं, असं तिच्या मनात आलं. यादीत तिचा फोन होता, तिचा लॅपटॉप होता. आणि तिसरा एक टॅब. आत्ता चालू असलेला.

तो टॅब तिचाच होता. बाबा निवृत्त झाले तेव्हा तिने त्यांना दिलेला. स्वतःचं खातं त्यातून काढायचं राहून गेलं होतं.

तरीही तिच्या डोक्यात पहिल्यांदा आलं ते आशयचंच नाव. मध्यंतरी तो के. आर. पुरमला तिच्या आईबाबांकडे वायफाय दुरुस्त करायला गेला होता. टॅब तोच घेऊन आला नसेल ना? ती अर्ध्या दिवसाची रजा टाकून खाली आली आणि रिक्षा केली. रिंग रोडवर गाड्या तुंबल्या होत्या. रिक्षावाला "स्वल्प लेट आगुत्ते, मॅडम" म्हणाला, पण थोडा उशीर होईल हेही तिला नीट ऐकू आलं नाही.

दार आईने, वीणाताईंनी उघडलं. "अगं, या वेळी?"

"टॅब कुठे आहे?"

"यांच्याकडे. दुसरं कोण वापरतंय तो?"

बाबा, नंदकिशोर, जेवणाच्या टेबलाशी बसले होते. सरकारी कारखान्यात आयुष्यभर इंजिनिअर म्हणून काम केलेला माणूस, घरातही शर्ट खोचून बसणारा. मुलीला पाहताच त्यांनी टॅब पालथा केला. अगदी तसाच, जसा तिने त्या सकाळी आशयसमोर फोन पालथा केला होता.

"बाबा, टॅबवर काय करत होतात?"

"काही नाही. आवराआवर. सगळा पसारा पडला होता. करार कुठे, तिकिटं कुठे. मला वाटलं आपल्या घरचेच कागद आहेत, तू देताना आत ठेवलेले. म्हटलं, लावून टाकू."

"आणि वीजबिलं?"

वीणाताई दोघांच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

"वीजबिलं मीच भरतो ना," ते शेवटी म्हणाले. "म्हणून उघडला. बिलं वर्षाप्रमाणे लावायची होती."

"तुम्ही वाचलंत."

"रोज थोडं वाचायचो. त्यापेक्षा जास्त वाचवत नव्हतं. वाचल्याशिवाय कागद फेकायचा नाही, ही माझी सवय. एकेक वाचायचो आणि पुसायचो." त्यांनी पालथ्या टॅबवर हात ठेवला. "माझ्या मुलीबद्दल कोणीतरी असं लिहिलेलं, ते मी घरात ठेवू?"

"बाबा, तो पुरावा होता."

त्यांना पटकन कळलं नाही. तिने समजावलं. समिती, अर्ज, गिरीराजची पुसून टाकायची सवय. या टॅबमध्ये पुसलं की सगळीकडून जातं, हेही सांगितलं. ते ऐकता ऐकता नंदकिशोर खुर्चीत खचत गेले.

"मला वाटलं इथलं इथेच जाईल. कचऱ्यातून काढता येत असेल ना?"

"कचरापेटीही तुम्हीच रिकामी केलीत."

"हो," ते म्हणाले. "रोज करायचो."

वीणाताईंनी खुर्ची ओढली. "मला तर वाटलं, शेअर बाजारात काही बुडवलं. दुपारी तो टॅब घेऊन बसायचं आणि उठल्यावर धड जेवायचं नाही. विचारलं तर वस्सकन अंगावर यायचं. आणि तू गं? तू का नाही सांगितलंस आम्हाला?"

रागावायचं ठरवून शमिका आली होती, पण समोर बसलेल्या या माणसाने कित्येक दुपारी एकट्याने ते सगळं वाचलं होतं. तिने पालथा टॅब उचलला, त्यातून स्वतःचं खातं काढून टाकलं आणि टॅब परत त्यांच्यासमोर ठेवला.

बाहेर पडल्यावर तिने आशयला फोन लावला. काय झालं ते सांगितलं.

"सॉरी," ती म्हणाली.

"बाबा कसे आहेत?" त्याने विचारलं. मग म्हणाला, "मी उद्या येतोय. तेव्हा बोलू. आत्ता काही बोललो तर वेडंवाकडं बोलेन."

सुप्रीताला फोन करणं त्याहून अवघड गेलं. शमिकाने तिच्यावरही संशय घेतला होता, आणि आता तो लपवून ठेवायची तिची इच्छा नव्हती.

"अय्यो, माझ्यावर?" सुप्रीता म्हणाली. "आणि मी म्हणतीये, मला बढतीला सुचवलं म्हणून जळतेस की काय."

"जळत नव्हते गं. त्या बढतीमुळेच तर संशय आला होता."

"बरं, ते असू दे. अगं, सुरुवातीला तू मला पाठवत होतीस ना, हे बघ काय लिहिलंय म्हणून? माझ्या फोनात असतील बघ. मी चॅट कधी साफ करत नाही."

पुसल्या गेलेल्यांतले बरेच निघाले. सगळे नव्हते, पण अप्रेझलवाला होता. सुप्रीताने ते पाठवले आणि खाली लिहिलं, समितीने बोलावलं तर मी पण येते.

शमिकाने अर्ज पूर्ण करून समितीकडे दिला. सुनावणीच्या दिवशी नंदकिशोर हट्टाने आले. काही स्क्रीनशॉट का नाहीत, हे सांगायला. समितीच्या अध्यक्षबाईंनी त्यांना विचारलं, "त्या मेसेजमध्ये काय होतं ते आठवतं?"

"आठवतं," ते म्हणाले. "पण ते शब्द मी तोंडाने उच्चारणार नाही. कागद द्या, लिहून देतो."

त्यांनी इंग्रजीत, ठळक अक्षरांत लिहून दिलं. लिहिताना मध्ये थांबले नाहीत. शमिका दुसरीकडे बघत होती.

गिरीराजने आधी सगळं नाकारलं, मग गंमत होती म्हणाला. समितीने शमिकाचं म्हणणं बहुतांशी मान्य केलं. त्याला टीमवरून काढलं गेलं आणि काही आठवड्यांनी तो कंपनीच सोडून गेला. ऑफिसातली काही माणसं शमिकाशी अजूनही जपून बोलतात.

आशयशी बोलणं झालं, एकदा नाही, अनेकदा. त्याने बॉसची ओळख लपवल्याबद्दल माफी मागितली. तिनेही मागितली. पण एका संध्याकाळी कुंड्यांना पाणी घालताना तो म्हणाला, "तुझ्या जागी मी असतो तर मलाही संशय आला असता, हे पटतं मला. तरी तू तो इतके दिवस मनात घेऊन माझ्याशेजारी बसून जेवत होतीस, ते जात नाही डोक्यातून."

"माझ्याही जात नाही," शमिका म्हणाली, आणि त्याच्या हातातली झारी घेऊन उरलेल्या कुंड्यांना पाणी घालायला लागली.