शेंदराखालची पट्टी

सरूला त्या मोटारीची शिसारी होती. जळक्या रबराचा वास, त्यात पेट्रोलचा, त्यात सासऱ्याच्या तंबाखूचा. मोहनराव खिडकीतून पिंक टाकायचे आणि वाऱ्यानं निम्मी पिंक मागे यायची. पण घाण एक वेळ सोसता येते, पदर नाकाला लावला की भागतं. ह्या मोटारीनं तिला पांढऱ्या पायाची ठरवलं होतं, त्याला कुठला पदर लावायचा?

कोऱ्हाळ्याच्या मोहनरावांचा पाटाच्या पाण्यावर मोसंबीचा बाग होता, भाजीपाला होता, आणि गेल्या दसऱ्यापासून दारात मोटार होती. पुण्याचा कुणी साहेब विलायतेला परत निघाला, त्याची ही जुनी गाडी. माघात त्यांच्या कुंडलिकचं लग्न झालं. नवी सून म्हणून सरू वरातीत मोटारीत बसली, म्हस्कू ड्रायव्हरनं बटण दाबलं, आणि त्याच्या समोरच्या फळीतून भसकन धूर निघाला. वाजंत्री थांबली. पुढं बारामतीला बारशाला निघाले तेव्हा पुन्हा धूर. सासूला गाडी लागायची, ती कधी बसायचीच नाही. पुरुषमाणसं रोज बाजाराला जायची, तेव्हा धुराचं नाव नाही. मग काय, गावाला सांगायला हवं होतं थोडंच? लक्ष्मी म्हणून दारात आणलेली मोटार सून बसली की पेटते, एवढं आयाबायांना पुरलं. मोहनरावांनी ठरवून टाकलं, की हिला इंदापूरकडं माहेरी पोचवायची. आणायला कुणी यायचं नाही, हे बोलून दाखवलं नव्हतं इतकंच.

कुंडलिक ह्या सगळ्यात मूग गिळून बसला होता. वाईट बोलत नव्हता. चांगलंही बोलत नव्हता. असल्या माणसाचं काय करावं, ते देवालाही कळत नसावं.

तर त्या दिवशी निघाले. पुढं म्हस्कूशेजारी मोहनराव, मागं सरू आणि कुंडलिक, दोघांच्या मधे तिचं गठुडं. दारातून निघतानाच थोडा धूर आला, आणि मोहनरावांनी मान हलवून "बघा" असं म्हटलं, जणू काही एखादी पैज जिंकली. वालचंदनगरच्या फाट्याशी ते पानतंबाखूला उतरले. परत बसल्यावर म्हस्कूनं बटण दाबलं आणि या वेळी नुसता धूर नाही, फळीवरचं ओढायचं एक गोल बोंडूक निखाऱ्यासारखं लाल झालं. उग्र वास सुटला. सगळे बाहेर पडले. म्हस्कूनं गाडीपुढं वाकून हँडल मारून मारून पाहिलं, घाम गाळला, पण इंजिन नुसतं खोकलं.

"बाई, लांब हो," मोहनराव म्हणाले. "तू लांब झालीस तर व्हईल चालू."

ती लिंबाखाली जाऊन बसली. गाडी काही चालू झाली नाही.

शेवटी म्हस्कू वालचंदनगरच्या साखर कारखान्यावर गेला आणि तिथल्या विजेच्या कामाच्या चिंतामण फिटरला सायकलवर घेऊन आला. चिंतामण म्हणजे नाकाच्या शेंड्यावर राग ठेवून फिरणारा माणूस. सुटीच्या दिवशी उठवलं म्हणून आधीच चिडलेला. त्यानं झाकण उघडलं आणि दोन पावलं मागं सरला.

"शी! हे इंजिन आहे की म्हसोबा?"

आत सगळा शेंदूर. तेलात कालवलेल्या शेंदराचे थरावर थर, त्यावर धूळ, धुळीत अडकलेले अक्षतांचे दाणे, नारळाच्या शेंड्या, कुठल्याशा किड्याचे पंख. उन्हानं ते सगळं रटरटून वास मारत होतं. म्हणजे पूजाही देवाला नको वाटेल अशी. सरूला मनातून थोडं बरं वाटलं. निदान कुणीतरी नाक मुरडलं होतं, आणि ते तिच्याकडं बघून नव्हे.

"दसऱ्याला माझ्या हातानं लेप चढिवलाय," मोहनराव अभिमानानं म्हणाले. "सगळं खोलून, धुऊन. उघड्या लोखंडावर देव बसत न्हाय."

चिंतामणनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि फळीखाली डोकं घातलं. बराच वेळ तो दिव्यांच्या तारा ओढून बघत होता. दिव्याची तार जळली असणार, असं त्यानं आल्याआल्याच छातीठोक सांगितलं होतं. दिव्याची तार धडधाकट निघाली. जळली होती ती चोकची, म्हणजे ते बोंडूक ओढलं की इंजिनाची हवा कमी करते ती नुसती लोखंडी तार. ती आपल्या नळीतच चिकटून बसली होती, म्हणून इंजिन पेट्रोल पिऊन गुदमरलं होतं.

"हिच्यातून वीज जातच नाही," तो चिडून म्हणाला. "ही जळतेच कशी?"

"आमाला ठाव हाय कशी जळती," मोहनराव म्हणाले, आणि लिंबाकडं बघून थुंकले.

त्या थुंकण्यानं सरूचं डोकं सणकलं. इतक्या महिन्यांचा गिळलेला घास तोंडात आला. ती उठली, पदर सावरला आणि गाडीजवळ येऊन फिटरला म्हणाली, "हँडल मारलं की धूर येत न्हाय. बटण दाबलं की येतो."

"सूनबाई, गप!"

"तुमी गप बसा हो," चिंतामण सासऱ्यालाच म्हणाला. "पुन्हा सांगा, बाई. बटण रोज नाही दाबत?"

म्हस्कूनं सांगितलं. बॅटरी झिजते म्हणून रोज हँडलच मारायचं. पण घरची बाईमाणसं गाडीत असली की बटण, असा मालकांचा हुकूम. लेकीसुना आत बसलेल्या आणि ड्रायव्हर पुढं वाकून दांडा फिरवतोय, हे चारचौघांत बरं दिसत नाही.

"आणि घरची बाईमाणसं म्हणजे ह्या एकट्या?"

म्हस्कूनं मान डोलावली. मोहनराव तंबाखू मळायचे थांबले.

चिंतामण आता पालथा पडून गाडीखाली शिरला. आतूनच बोलत होता, शिव्या मधेमधे. बटण दाबलं की बॅटरीतून विजेचा लोंढा निघतो, इंजिन फिरवतो आणि त्याला गाडीच्या सांगाड्यातून परत बॅटरीकडं यावं लागतं. इंजिन रबरावर बसवलेलं, म्हणून परतीच्या वाटेला इंजिन आणि सांगाडा जोडणारी तांब्याची विणलेली पट्टी असते. पाटाचं दार बंद केलं तर पाणी काय करतं? बांध फोडतं, दिसेल त्या सरीत घुसतं. इथं ते इंजिनापासून फळीपर्यंत गेलेल्या चोकच्या तारेत घुसलं.

"बघा या," तो म्हणाला. पट्टीचं एक टोक काळं ठिक्कर पडलं होतं, बोट लावताच विणलेल्या तारांचा भुगा झाला. ते जिथं सांगाड्याला आवळलं होतं तिथं पट्टीच्या खाली शेंदूर, वर शेंदूर, बोल्टाच्या भोकात शेंदूर. "तेल आणि शेंदूर! कारखान्यात लोखंडाला गंज लागू नये म्हणून आम्ही हाच रंग मारतो. त्याच्यातून वीज जाईल? पट्टी खोलून खाली लेप दिला, आणि लेपावर पट्टी आवळली. गरम होऊन होऊन जळली. हे काम कुणाचं?"

कुणाचं ते मघाशीच अभिमानानं सांगून झालं होतं.

चोर सोडून संन्याशाला सुळी, असं आपण सहज म्हणतो. सुळीवर बसायला आपण नसतो म्हणून म्हणतो. सरूला आनंद व्हायला हवा होता, पण तिला नुसती किळस आली, त्या भुग्याची आणि तो बघूनही वर न बघणाऱ्या सासऱ्याची.

चिंतामणनं पिशवीतून जाड तांब्याच्या केबलचा तुकडा काढला, तो पट्टीच्या मापाचा तोडला आणि चाकू उघडला. "ही जागा चकचकीत लोखंड दिसेपर्यंत खरवडायची."

"न्हाय!" मोहनराव पुढं झाले. "देवाचं लेणं हाय त्ये. खरवडाल तर पाप लागंल."

"मग देवालाच सांगा गाडी ढकलायला." फिटरनं चाकू मिटला आणि सायकलकडं निघाला.

सरू आडवी आली. "चाकू द्या हिकडं," ती म्हणाली, आणि मग सासऱ्याकडं वळून, डोक्यावरचा पदर जराही न ढळू देता, "त्याचं पाप माझ्यावर घाला, मामंजी. बाकी समदं घातलंच हाय."

ती धुळीत गुडघे टेकून बसली. फिटरनं जागा दाखवली आणि ती खरवडत गेली. शेंदूर मेणासारखा निघायचा, नखांत बसायचा, खवट तेलाचा वास हाताला चिकटायचा. तिनं लोखंड रुपयासारखं उजळून काढलं. चिंतामणनं केबल आवळली, इंजिनाकडचं टोकही घासून घट्ट केलं, चोकची तार सोडवली. मग म्हस्कूला बटण दाबायला सांगून केबलवर हात ठेवला. इंजिन एका झटक्यात सुरू झालं. केबल गार. धुराचा पत्ता नाही.

"बसा आत," मोहनराव खाकरून म्हणाले. "म्हस्कू, गाडी माघारी घे, कोऱ्हाळ्याला. सूनबाई घरी येत्यात." एवढंच. जणू बाजारातून विसरलेली पिशवी परत न्यायची होती.

सरू बसली. काय करणार? तिला घर हवं होतं. तिच्या कपाळावरचा डाग पुसला होता, आणि चिडत का होईना, ती परतायला तयार होती. गाडी वळायला लागली. कुंडलिक गठुड्यावरून तिच्याकडं झुकला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याचा चेहरा मोकळा दिसत होता. तो हळूच, लाडानं म्हणाला, "मला पयल्यापास्नंच ठाव हुतं, तुझा काय दोष न्हाय. मी यकटा बारामतीला तमाशाला गेलो हुतो ना गाडी घिऊन, तवा बटण दाबलं, तर तवाबी धूर आला. बोट भाजलं माझं."

"कवा?"

"आपलं लगीन झाल्यावर. बारशाच्या आधी."

सरूनं त्याच्याकडं बघितलं. तो हसत होता. आपण बायकोला काहीतरी गोड दिलं, असं त्याला खरोखर वाटत होतं. सासऱ्याच्या शेंदराची, थुंकण्याची तिला शिसारी आली होती. ह्या हसण्यानं ती आतून थंडगार पडली.

"म्हस्कूदादा, गाडी थांबवा."

ती गठुडं घेऊन उतरली. मोहनरावांनी खिडकीतून डोकं काढलं.

"मामंजी," ती म्हणाली, "तुमी शेंदूर लावला, तुमाला ठाव नव्हतं. ह्यांनी यकट्यानं गाडी नेली, तवाबी धूर आला हुता. ह्यांना ठाव हुतं."

मोहनराव मागं वळले. बाप लेकाकडं कितीतरी वेळ बघत राहिला. आता काहीतरी बोलतील, एक शब्द तरी, असं सरूला वाटलं, आणि त्यासाठी ती थांबलीसुद्धा.

"गाडी कुणाला इचारून न्हेली हुतीस रं?" मोहनराव गरजले.

कुंडलिक चाचरत काहीतरी सांगू लागला. सरूनं गठुडं काखेत मारलं आणि इंदापूरचा रस्ता धरला. मागं बापलेकांचं भांडण बराच वेळ ऐकू येत होतं, आणि ते मोटारीचंच होतं.