दोन बोटांची फट

गुरुबसप्पा अडत्याला हुतूतूतलं काय कळत होतं? पेठेत गादीवर बसल्या बसल्या ज्वारीचा भाव ठरवायची सवय, तीच त्याने मैदानात आणली. एकोणीसशे चौतीस साली सोलापुरातल्या तालमींच्या सामन्यांचा तो अध्यक्ष झाला, गळ्यात हार पडला आणि हारासकट मुख्य पंचपदही पडलं. त्याची खुर्ची मैदानाच्या एका टोकामागे, लिंबाच्या सावलीत, कारण अध्यक्षांना ऊन सोसत नव्हतं. तिथून पलीकडे चढाईला गेलेल्या गड्याची नुसती पाठ दिसायची. पाठ बघून हा गृहस्थ कोण मेला, कोण जगला ते सांगायचा.

धुळाप्पाला त्याची किळस यायची. तो स्वतः अकरा वर्षं रेघेवरचा पंच. गडी सरकला की तोही वाकून सरकायचा आणि दोघांमधली फट कडेने दिसेल अशी जागा धरायचा. "पाटीमागनं बगितलं तर हात आन् पोट एकाच जागी दिसतंय," हे त्याने शंभरदा सांगितलं. ऐकणारे माना डोलवायचे आणि खुर्चीला नमस्कार घालायचे. म्हणून शेवटच्या सामन्याआधी त्याने चारचौघांत बजावलं होतं, की शिवल्याचा निकाल रेघेवरच्या पंचाचा. तो फिरवला तर पुन्हा मैदानात पाय ठेवणार नाही. अध्यक्ष हसून हो म्हणाले. असल्या माणसांचं हो फार स्वस्त असतं.

शेवटची चढाई बिरप्पाची. गिरणीत कामाला, पण खेळ शिकला तो धुळाप्पाच्याच तालमीत, त्यालाच वस्ताद मानून. समोर भिमा एकटा उरला होता. त्याला शिवून दम न सोडता परत आलं की ढाल बिरप्पाच्या तालमीची. बिरप्पाने हात लांबवला, भिमाने पोट आत घेतलं आणि बिरप्पा मागे पळाला. धुळाप्पा कडेला गुडघ्यावर होता. बोटं आणि पोट यांच्यामधून पलीकडची पांढऱ्या फक्कीची रेघ त्याला स्वच्छ दिसली.

"लागलं न्हाय," तो म्हणाला. आपल्याच तालमीविरुद्ध निकाल देताना त्याचा आवाज जराही हलला नाही.

"लागलं की," खुर्चीतून आलं. "मी बगितलंय."

मग काय, सगळ्या मैदानाला तेच दिसलं. पंचांत वाद झाला की चढाईच्या गड्याला विचारायचं आणि तो सांगेल ते मानायचं, ही तालमींची जुनी रीत. धुळाप्पा बिरप्पासमोर जाऊन उभा राहिला.

"तूच सांग. लागलं का?"

बिरप्पाने खाली बघितलं. "अध्यक्षांनी बगितलंय की."

खरं बोलला नाही, खोटंही बोलला नाही. एवढी अक्कल त्या नेभळटाला बरोबर सुचली.

ढाल मिळाली, गुलाल उडाला. बिरप्पा वस्तादाच्या पाया पडायला आला, कारण तशी पद्धत होती आणि लोक बघत होते. तो वाकला तसा धुळाप्पाने पाय जरासा मागे घेतला. मागच्यांना बिरप्पाची पाठ दिसली. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

"लागलं न्हाय," धुळाप्पा हळू म्हणाला. "पर जा, अध्यक्षांस्नी इचार. त्यास्नी लागल्यालं दिसलं आसंल."

वहाणा पायात सरकवून तो मैदानाबाहेर पडला. बिरप्पा अजून वाकलेलाच होता.